बडोद्याची जुनी चित्रवाली पोस्टकार्डं सापडलीत – साल कसं ओळखायचं, जपायची कशी, लोकांना दाखवायची कशी?

रावपुऱ्याची_मुलगी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. दांडिया बाजारातलं आमच्या आत्याचं घर आता पाडणारेत, तिथे फ्लॅट होणार, त्यामुळे सध्या घर उपसणं चाललंय. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांची पोस्टकार्डं निघाली. ते गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात, म्हणजे राजघराण्याच्या खाजगी कारभारात, कारकून होते एवढंच आम्हाला माहीत होतं. साठ-सत्तर तरी कार्डं असतील आणि बरीचशी चित्रवाली, म्हणजे एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला पत्ता. लक्ष्मी विलास राजवाडा, मांडवी दरवाजा, कमाटी बाग, मकरपुरा पॅलेस, बैल जुंपलेल्या सोन्याचांदीच्या तोफा आणि एक नजरबाग राजवाड्याचं.

त्यातलं सुरसागर तलावाचं कार्ड माझ्या डोक्यातून जातच नाहीये. आभाळाला वरून गुलाबी रंग दिलाय, काठाच्या पायऱ्यांवर एक माणूस लोटा घेऊन वाकलाय, मागे झाडं, आणि मधे काहीच नाही, नुसतं पाणी. आमच्या पिढीने सुरसागर म्हटलं की मधे उंच महादेव असंच बघितलंय. आईला दाखवलं तर ती कितीतरी वेळ कार्ड खाली ठेवेना, म्हणाली आम्ही शाळेतून येताना असंच दिसायचं.

आता प्रश्न. एक, कुठलं कार्ड कुठल्या सालचं हे कसं कळणार? बऱ्याच कार्डांवर शिक्का पुसट झालाय आणि काही तर पोस्टात टाकलेलीच नाहीत. दोन, पावसाळ्यात यांचं काय करायचं, चुलतभाऊ म्हणतो लॅमिनेट करून टाक. तीन, मला ही लोकांना दाखवायची आहेत, पण एका व्यापाऱ्याने घरी येऊन गठ्ठा बघितला आणि त्यातली दहाबारा निवडून “एवढी द्या, बाकी ठेवा” म्हणाला, घरात काहींना ते पटतंय. मला नाही पटत पण का ते नीट सांगता येत नाहीये. मदत करा.

काळाघोडा_सर्कल

ताई, पहिलं काम म्हणजे लॅमिनेशन अजिबात नको, त्याचं बाकी इथलं कोणीतरी सांगेलच, मी तारखेचं सांगतो कारण गेली बरीच वर्षं मी हेच करतोय.

आधी पाठ बघा, चित्र नंतर. अगदी जुन्या कार्डात पाठीमागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असायची, मजकूर लिहायला परवानगी नव्हती, म्हणून लोक चित्राच्या कडेला जी पांढरी पट्टी असायची तिथे बारीक अक्षरात लिहायचे. पाठीवर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे मजकूर उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ साली झाली आणि बाकीच्या देशांत पुढच्या चारपाच वर्षांत. म्हणजे तुमच्या कार्डाला मधली रेघ नसेल तर ते बहुतेक १९०५-०६ च्या आधी छापलेलं. मग तिकीट. एडवर्ड सातवा असेल तर १९०२ नंतरचं, पंचम जॉर्ज १९११ पासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. स्वातंत्र्यानंतरच्या कार्डांवर तिकिटात ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते ६४ च्या मधलं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाले. शहराचं नाव अधिकृतपणे वडोदरा झालं ते १९७४ मध्ये, पण छापणाऱ्यांनी बरोडा नंतरही चालू ठेवलं त्यामुळे त्यावर एकट्यावर जाऊ नका.

आता चित्र. यात खरी मजा आहे कारण आपल्या गावातल्या मोठ्या इमारतींची सालं पक्की माहीत आहेत. लक्ष्मी विलास १८९० ला पूर्ण झाला, म्युझियम १८९४, न्यायमंदिर म्हणजे जुनं कोर्ट १८९६, कमाटी बागेसमोरचा सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा म्हणजे आपला काळा घोडा १९०७, कीर्तिमंदिर १९३६. समजा बागेच्या दाराचं कार्ड आहे, तिथे घोडा दिसायला हवा अशा कोनातून फोटो घेतलाय आणि घोडा नाहीये, तर फोटो १९०७ च्या आधीचा. कॉलेजच्या घुमटाखाली ‘बरोडा कॉलेज’ छापलंय की ‘एम. एस. युनिव्हर्सिटी’ तेही बघा, युनिव्हर्सिटी १९४९ ची.

पण एक लक्षात ठेवा, शिक्का हा कार्ड पोस्टात टाकल्याचा दिवस सांगतो, फोटो काढल्याचा नाही. छापणारे एकच निगेटिव्ह दहादहा वर्षं वापरायचे. माझ्याकडे मांडवीची दोन कार्डं आहेत, दोन्हींत उजवीकडे तोच टांगा, तोच उघड्या छत्रीचा माणूस, एकावर एडवर्डचं तिकीट आणि दुसऱ्यावर जॉर्जचं. त्यामुळे वहीत दोन रकाने करा, फोटो कधीचा असावा आणि कार्ड कधी गेलं. आणि तुमच्या गुलाबी आभाळाबद्दल, असे रंग बऱ्याचदा जर्मनीत छापताना भरलेले असायचे, कार्डाच्या कडेला अगदी बारीक अक्षरात तसं छापलेलंही सापडेल. रंग भरणाऱ्यांनी बडोदं पाहिलेलं नसायचं, म्हणून पागोट्याचा, लुगड्याचा, भिंतीचा रंग पुरावा म्हणून धरायचा नाही. आकार मात्र खरा.

निळी_शाई

लॅमिनेट केलं तर कार्ड गेलं असं समजा ताई. उष्णतेने तो प्लॅस्टिकचा थर कागदाला कायमचा चिकटतो, पुढे काढता येत नाही, आणि आतला ओलावा आतच राहतो. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, आणि ऐंशीच्या दशकात सगळ्यांच्या घरी असायचे ते चिकट पानांचे फोटो अल्बम तर अजिबात नको. माझ्या माहेरची कार्डं त्यातच होती, आता निघत नाहीत, पान कापूनच जपून ठेवलीयत.

काय करायचं ते सांगते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पारदर्शक पाऊच मिळतात, ऑनलाइन स्टॅम्प गोळा करणाऱ्यांच्या दुकानात मागा. पीव्हीसीचे नको, त्याला वास येतो आणि काही वर्षांत ते चिकट होऊन शाई ओढून घेतात. पाऊच नसतील तर आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, तेही नाही मिळालं तर निदान कार्डं एकमेकांना चिकटू देऊ नका. डबा माळ्यावर नको, गच्चीखाली तर नकोच, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पण टाळा, बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये अशा भिंती कशा ओल धरतात ते तुम्हाला माहीतच आहे. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट सगळ्यात बरं. डांबरगोळ्या कार्डांसोबत टाकू नका. सिलिका जेलची पुडी चालेल पण ती बदलत राहावी लागते. कार्ड वाकडं झालं असेल तर इस्त्री फिरवू नका, दोन साध्या कोऱ्या कागदांमधे ठेवून वर जाड पुस्तक ठेवा आणि धीर धरा. पाठीवर काही लिहायचं झालं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कोपऱ्यात नंबर फक्त. बाकी सगळी माहिती वहीत.

आणि कुठल्या कार्डाच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचा डाग दिसला तर तो साफ करायला जाऊ नका!! लग्नामुंजीच्या कार्डाला ते लावायचेच, तो त्या कार्डाचा भाग आहे.

स्कॅन सपाट स्कॅनरवर करा, ६०० डीपीआय, खऱ्या फोटोचं कार्ड असेल तर १२००. खरा फोटो आणि छापील यातला फरक भिंगाखाली कळतो, छापील चित्र ठिपक्याठिपक्यांचं दिसतं, खऱ्या फोटोत ठिपके नसतात आणि तिरपं धरलं की काळ्या भागावर चांदीसारखी झाक दिसते. ती झाक असलेलं कार्ड सगळ्यात वरचढ, कारण त्यात मोठं केलं की दुकानाच्या पाट्या वाचता येतात. दोन्ही बाजू स्कॅन करा. रंग आपोआप सुधारणारं सेटिंग बंद ठेवा. टिफ फाइल तुमच्याजवळ, जेपीईजी लोकांसाठी.

रावपुऱ्याची_मुलगी

खूप खूप धन्यवाद दोघांनाही. लॅमिनेशनवाला भाऊ गप्प झाला. आज भिंग घेऊन बसले होते, न्यायमंदिराचं एक कार्ड खऱ्या फोटोचं निघालं, त्यात कमानीखाली पायरीवर वकील असावेत असे तिघं उभे आहेत आणि एकाने काखेत छत्री धरलीय, त्याची मूठ पण दिसते! २०१८ ला कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं तेव्हापासून ती जागा बघवत नाही मला, हे कार्ड बघून बरं वाटलं.

मागचा मजकूर काही कार्डांवर इंग्रजी आहे, काहींवर गुजराती, पण पणजोबांना आलेल्या बऱ्याच कार्डांवर मोडी आहे आणि आमच्या घरात आता कोणालाच मोडी येत नाही. त्याच्या फोटोंसकट इथे टाकलं तर चालेल का? म्हणजे खाजगी पत्रं आहेत ना शेवटी.

वळणदार_मोडी

रावपुऱ्याच्या ताई, मोडी मी वाचून देईन, मला आनंदच होईल, पण आधी तुम्हीच एक गोष्ट करून बघा. वर मध्ये ‘श्री’ असेल, त्याच्या खाली उजव्या हाताला मिती असेल, काहीशी “मिती वैशाख शुद्ध ३ शके १८३२” अशी. अंक आपलेच आहेत, थोडे वळणाचे, ते तुम्हाला वाचता येतील. शकात ७८ मिळवा की इसवी सन येतं, १८३२ म्हणजे १९१०. फक्त मिती साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९, कारण तोपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. गुजराती कार्डावर संवत असेल तर ५७ वजा करा, आणि महिना जानेवारीपासून पुढचा असेल तर ५६, संवत १९६६ म्हणजे १९०९-१०. तेव्हा शिक्का पुसट झाला म्हणून तारीख गेली असं काही नाही, लिहिणाऱ्याने ती आत लिहून ठेवलीय.

खाजगीपणाचं. तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि फार कमी लोक तो विचारतात. माझी पद्धत अशी, चित्राची बाजू सरळ टाकायची, पाठीची बाजू घरात वाचून मग ठरवायचं. आजाराचं, पैशाचं, घरातल्या भांडणाचं, सुनेबद्दलचं काही असेल तर ते नाही टाकायचं, मग ते शंभर वर्षांपूर्वीचं का असेना, त्या घरातली माणसं अजून याच गावात राहतात. पत्ता झाकायचा आणि गल्लीचं किंवा पोळीचं (जुन्या वस्तीचं) नाव ठेवायचं. नुसतं “पाऊस फार झाला, विश्वामित्री नदी चढली, शाळेला सुट्टी” असं असेल तर ते नक्की टाका, शहराचा इतिहास अशाच ओळीत सापडतो. मयताची बातमी असलेली कार्डं तुम्हाला फारशी सापडणार नाहीत, ती वाचून फाडून टाकायची पद्धत होती, म्हणून अशा गठ्ठ्यात आनंदाचीच पत्रं जास्त उरतात, वाचताना हे लक्षात असू द्या.

सुरसागर_काठ

मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. मी माझ्या आजोबांची कार्डं मोठ्या साइजमध्ये एका ग्रुपवर टाकली होती. काही महिन्यांनी त्यातलीच चित्रं एका छापील कॅलेंडरवर दिसली, खाली दुसऱ्याचाच लोगो, कुठून आली ते कुठेच नाही. मला पैसे नको होते हो, पण खाली “अमुक कुटुंबाच्या संग्रहातून” एवढं तरी. तेव्हापासून मी फक्त लहान साइज टाकतो, वर मोठा वॉटरमार्क. ताईंनी पण तसंच करावं असं माझं मत.

काळाघोडा_सर्कल

सुरसागर_काठ, तुमचं दुःख समजतं, तसं करणाऱ्याने वाईटच केलं. पण वॉटरमार्क नेमका चित्राच्या मधोमध येतो आणि जी पाटी, जो चेहरा, जी खिडकी बघायची तीच झाकली जाते. आणि कायद्याने बघितलं तर आपल्या देशात २०१२ पर्यंत फोटोचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असायचा, म्हणजे १९१० चं छापलेलं कार्ड केव्हाच सगळ्यांचं झालंय, ना आपलं ना कॅलेंडरवाल्याचं. आपल्या हातात जे आहे ते एवढंच की चित्राबरोबर माहिती अशी बांधायची की ती सुटू नये. मी चित्राच्या खाली एक पांढरी पट्टी जोडतो, चित्रावर नाही, खाली, आणि त्यात जागा, साल, कोणाच्या संग्रहातलं ते लिहितो. कापणारा कापेल, पण दहातले सातआठ जण तशीच पुढे पाठवतात.

आणि व्हॉट्सॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून इतकं बारीक करतात की पाट्या वाचताच येत नाहीत. खरंतर विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावर टाकलं तर सगळ्यात चांगलं, तिथे मूळ साइज राहते, वर्णन मराठीत लिहिता येतं आणि पुढे कोणी वापरलं तरी मूळ पानापर्यंत पोहोचता येतं.

आता ताई, तुमचा तिसरा प्रश्न, ज्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. व्यापारी दहाबारा का मागतो? कारण परदेशात खपणारी तेवढीच आहेत, तोफा, हत्ती, राजवाडा. बडोद्याची कार्डं आपल्यापेक्षा इंग्लंडात जास्त सापडतात, कॅम्पातले, म्हणजे लष्करी छावणीतले, गोरे अधिकारी घरी पाठवायचे, आणि तिथलं गिऱ्हाईक आजही तेच चित्र शोधतं. पण तुमच्या पणजोबांचा गठ्ठा हा एका माणसाकडे एका पत्त्यावर आलेला गठ्ठा आहे. कोण कुठून लिहितंय, पुण्याहून की नवसारीहून, कोणत्या महिन्यात कोणतं चित्र निवडतंय, दांडिया बाजारातल्या त्या घराचा पत्ता कार्डागणिक कसा बदलत गेलाय, हे सगळं गठ्ठा एकत्र असेल तरच कळतं. दहा काढली की उरलेल्या पन्नासांचा धागा तुटला. राजवाड्याचे फोटो जगात हजार ठिकाणी आहेत. दांडिया बाजारातल्या एका खानगी कारकुनाला आलेला पत्रव्यवहार फक्त तुमच्या ट्रंकेत आहे. विकायचाच झाला तर अख्खा द्या आणि आधी दोन्ही बाजूंचं स्कॅन करून ठेवा, हे घरच्यांना सांगा.

पाणीगेट_परतीचा

मी नोकरीमुळे आता बडोद्यात नाही, वर्षातून एकदोनदाच येतो, पण हा धागा वाचून राहवेना. ताई, नजरबागचं कार्ड सगळ्यात आधी स्कॅन करा. बाकीच्या जागा बदलल्या तरी उभ्या तरी आहेत, न्यायमंदिर आहे, मांडवी आहे, मकरपुऱ्यात एअर फोर्स आहे पण इमारत आहे. नजरबाग पाडलाच. आमच्या पिढीतल्यांना तो पडका, झाडं उगवलेला आठवतो, आणि आजच्या कॉलेजच्या मुलांना तर तिथे राजवाडा होता हेच खरं वाटत नाही.

माझी एक सवय सांगतो, आवडली तर करा. जुनं कार्ड मोबाइलवर घेऊन त्याच जागेवर जाऊन उभा राहतो आणि आजचा फोटो काढतो. रविवारी सकाळी लवकर जा, नंतर लारी आणि रिक्षांमुळे काही दिसत नाही. फोटोवाल्याचा कॅमेरा तिपाईवर असायचा, बऱ्याचदा उंचावर, एखाद्या गच्चीवर, त्यामुळे रस्त्यावरून तो कोन जुळत नाही. सुरसागरच्या काठावर एका काकांनी मला त्यांच्या ओटल्यावरून वर गच्चीत नेलं, तिथून बरोबर तो कोन जुळला, आणि मग त्यांनी त्यांचं स्वतःचं कार्ड काढून दाखवलं. माणसं अशी भेटतात. जागा ओळखायला छप्पर आणि घुमट बघा, दुकानं बदलतात पण वरची रेषा फारशी बदलत नाही.

वळणदार_मोडी

पाणीगेटकरांचं अगदी बरोबर. आणि कार्ड उलटं छापलंय का तेही त्याच वेळी कळतं, निगेटिव्ह फिरवून छापल्याची कार्डं मी पाहिलीत, पाट्यांची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. पाटी नसेल तर जागेवर जाऊनच कळतं.

रावपुऱ्याची_मुलगी

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. घरी बसून आत्यासमोर हा पूर्ण धागा मोठ्याने वाचला. गठ्ठा फोडायचा नाही हे नक्की झालं, व्यापाऱ्याला तसं कळवलंय. स्कॅनर शेजारच्या मुलीकडे आहे, तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला पण हे चालेल म्हणते, त्यामुळे ती आणि मी मिळून करतो. नजरबाग पहिलं.

सुरसागर_काठ, तुमच्यासाठी खाली पट्टीत “दांडिया बाजारातल्या एका घराचा संग्रह” असं लिहिणारे, नाव नाही घालणार, पण घर घालणार.

आता एकच अडलंय. एक कार्ड आहे, कॅप्शन नुसतं ‘स्ट्रीट सीन, बरोडा’. दोन्ही बाजूंना लाकडी कोरीव गॅलऱ्या, समोर रस्त्याच्या शेवटी चार बाजूंनी उघडी कमानींची इमारत, तिच्यावर मजले आणि घड्याळ. रस्त्यात बैलगाडी आणि एक मुलगा थेट कॅमेऱ्याकडे बघतोय. आई म्हणते मांडवी, आत्या म्हणते रावपुऱ्याचा टॉवर. कोणाचं बरोबर?

काळाघोडा_सर्कल

कमानी चारही बाजूंनी उघड्या आणि वर मजले असतील तर मांडवी, आईंचं बरोबर. रावपुऱ्याचा चिमणाबाई टॉवर १८९६ चा, तो सरळ उंच जातो, खालून चारी बाजूंनी रस्ते जात नाहीत. तरी मुलाच्या मागची गॅलरी मोठी करून टाका, त्यावरून फोटोवाला मांडवीच्या कुठल्या बाजूला उभा होता, लहेरीपुऱ्याच्या की पाणीगेटच्या, ते काढता येईल. पाणीगेटकर, पुढच्या वेळी आलात की तुम्हीच त्या जागेवर उभे राहून बघा, मीही येतो.

पाणीगेट_परतीचा

दिवाळीत येतोय. सकाळी सातला मांडवीखाली भेटू. ताई, तुम्ही पण या, कार्ड मात्र घरीच ठेवा, मोबाइलवर घेऊन या.